दोरखंडातला थांबा

वरच्या अंगाला नदी गढूळ झाली की नावाड्याच्या पोटात गोळा येतो. या वर्षी तो जरा लवकरच आला. नाव ओढायला नदीवर आडव्या बांधलेल्या जुन्या दोरखंडाचा हातभर तुकडा खांद्यावर टाकून नावाडी सकाळीच दोरवाल्यांच्या अंगणात उभा राहिला आणि तुकडा ओट्यावर ठेवून म्हणाला, "काकू, हा गेला. आतून कुजलाय."

ओट्यावर थोरली अंबाडीचा वाख विंचरत बसली होती. सगळं गाव तिला थोरलीच म्हणे. धाकटी कोण होती हे आता कुणाच्या लक्षात नव्हतं. लोखंडी दात्यांच्या फळीवर वाखाची जुडी आपटायची, ओढायची, पुन्हा आपटायची, असं चाललं होतं आणि प्रत्येक ओढीबरोबर पिवळट धूळ उडत होती. तिनं जुडी खाली ठेवली, तुकडा उचलला, त्याचे पेड उलगडून पाहिले.

"माझ्याच हातचा आहे," ती म्हणाली. "चांगला टिकला."

"टिकला म्हणून तर तुमच्याकडे आलो." नावाडी घुटमळला. "पंचांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, शहरातून नायलॉनचा आणा. पण ओल्या हाताला तो धरत नाही हो. घसरतो, तळवे सोलतो. भर पाण्यात नाव, नावेत माणसं, आणि माझ्या हातात साबण! मी सांगून आलोय, काकू करतील म्हणून. पाणी चढायच्या आत हवा. होईल ना?"

थोरलीनं बोलायला तोंड उघडलं आणि तिला खोकला आला. साधासुधा नव्हे. दोन्ही हात ओट्याच्या कडेवर रोवून ती मान खाली घालून खोकत राहिली. छातीतली शिटी अंगणाच्या टोकापर्यंत ऐकू जात होती. नावाडी आधी तिच्याकडे, मग दारात उभ्या तिच्या सुनेकडे आणि मग उगीचच आभाळाकडे बघू लागला. आपली अवस्था बघवत नाही म्हणून समोरच्यानं आभाळाकडे बघावं, हे थोरलीला फार झोंबलं. ती भिंतीआड जाऊन थुंकून आली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "होईल ना म्हणजे? न व्हायला काय धाड भरलीय? आजवर त्या नदीवर दुसऱ्या कुणाच्या हातचा दोरखंड बांधलाय का?"

"नाही बुवा," नावाडी म्हणाला आणि हसत गेला.

तो फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच थोरली घरात गेली. कोनाड्यातून तिनं एक पत्र्याची डबी काढली. त्यात पांढऱ्या, बारीक गोळ्या होत्या. तिच्या लेखी ही कामाची गोळी. औषधाच्या दुकानातला पोरगेला मालक काही न विचारता द्यायचा. दम्याच्या जोरात कधीतरी एका डॉक्टरनं दिली होती, चार दिवसांत छाती मोकळी झाली होती, भूक वाढली होती, दंडात जोर आला होता. तेव्हापासून जाड दोराचं काम आलं की थोरली आपली आपणच गोळी सुरू करायची आणि काम संपलं की बंद करायची. बैलाला पेंड घालतात तसा हिशेब.

"आई, नका घेऊ," सून दारातून म्हणाली.

सून शेतकऱ्याच्या घरातून आलेली. नवरा, म्हणजे थोरलीचा मुलगा, गवंडीकामाला लांब लांब हिंडायचा, त्यामुळे दोराचं काम हिच्या गळ्यात पडलं होतं. तिची बोटं अजून पक्की बसली नव्हती, पण डोकं बसलं होतं.

"का नको?"

"मळ्यातल्या विहिरीचा नाडा वळलात, आणि मागोमाग तापानं फणफणलात. पुलाच्या कामावरचे दोर दिलेत, आणि हिरवा कफ पडायला लागला. गवताच्या गाड्या आवळायचे दोर झाले, तेव्हा तर दवाखान्यात ठेवलं होतं. बारीक दाव्यांच्या कामानंतर कधी पडला नाहीत. नुसत्या जाड दोरानंतर पडता."

"जाड दोराला कष्ट जास्त असतात."

"जाड दोराला गोळी असते."

थोरली चिडली. "माझ्या दुखण्याचं चऱ्हाट वळायला बसलीस काय? वाख घे हातात, तेवढंच काही शिकशील."

पण डबी तिनं उघडली होती तशीच ठेवली. गोळी काही तोंडात गेली नाही. सुनेनं एकामागून एक दोर सांगितले होते आणि थोरलीला प्रत्येक दोराबरोबर आपलं अंथरूणही आठवत होतं. वाखाचा हिशेब तिचा कधी चुकला नव्हता, आणि हा इतका ढळढळीत हिशेब आपल्या नजरेतून सुटला, याचा तिला राग आला. तो तिनं सुनेवरच काढला, कारण दुसरं कुणी जवळ नव्हतं. थोरलीचा नवरा अंगणात दोर वळायच्या चाकाच्या आसाला तेल घालत होता आणि त्याला कमी ऐकू यायचं. बायकोचंच कमी ऐकू येतं, बाकीचं बरं येतं, असं लोक म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी दोघी जणी नदीपलीकडे छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, फोटो काढवला, कफ बाटलीत घेतला आणि विचारलं, "मावशी, मधेमधे कोणती गोळी घेता?"

थोरली छताकडे बघू लागली. सुनेनं पदराखालून डबी काढून टेबलावर ठेवली.

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी डबी नुसती हलवून पाहिली. मग फोटो उजेडात धरला. "हे बघा. तुमच्याकडे दोन दुखणी आहेत. एक दमा. त्यात नळ्या आवळतात. दुसरं हे, इथं नळ्या सैल पडल्यात, त्यात कफ साचून राहतो आणि त्यात जंतूंनी घर केलंय. जुनं घर आहे, सहजासहजी सोडणार नाहीत. ही गोळी दम्याला झोपवते, खरंय. पण शेताच्या राखणदारालाही झोपवते. मग जंतूंना रान मोकळं."

"म्हणजे विष आहे?"

"विष नाही. वेळ आली तर हीच गोळी जीव वाचवील. दमा म्हणतो द्या, छातीतली घाण म्हणते देऊ नका, आणि मला दोघांचं ऐकावं लागतं. पण ही ताकदीची गोळी नव्हे. रोज घेत असतात, तर एकदम बंदही करता आली नसती, हळूहळू उतरवावी लागली असती. आपल्या मनानं घ्यायची नाही आणि आपल्या मनानं सोडायची नाही."

मग त्यांनी पंप दिला. थोरलीला तो याआधीही मिळाला होता आणि तिनं फळीवर ठेवून दिला होता, कारण तिच्या मते ते पोराटोरांचं खेळणं होतं. "यातही त्याच जातीचं औषध आहे," बाई म्हणाल्या, "पण चिमूटभर, आणि थेट जागेवर पडतं. हा सकाळ-संध्याकाळ, बंद करायचा नाही, घेतल्यावर चूळ भरायची. हा दुसरा, निळा, अडीनडीला." जंतूंसाठी वेगळ्या गोळ्या दिल्या, लांब चालणाऱ्या. कफ काढायची रीत सुनेला करून दाखवली. आणि शेवटी पांढऱ्या गोळ्यांची एक छोटी पट्टी सुनेच्या हातात दिली. "ही तुमच्याकडे ठेवा. निळ्या पंपानं उतरलं नाही, एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ काळेनिळे दिसायला लागले, तर द्यायची आणि तशाच इथं आणायचं. नुसतं थकल्या म्हणून नाही."

"मला दोरखंड वळायचाय," थोरली म्हणाली. "नदीचा."

"वळा की. हळू, थांबत थांबत."

"दोरखंडाला थांबा चालत नाही, बाई."

"छातीला चालतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तेव्हापासून त्या घरात सकाळ वेगळीच उजाडू लागली. थोरली खाटेवर पालथी पडे, डोकं नि छाती कडेवरून खाली. सून हाताची ओंजळ करून तिच्या पाठीवर थापट्या मारी. कफ सुटे, खालच्या डब्यात पडे, सून त्याचा रंग बघे आणि राख टाकून पुरून येई. कुंपणापलीकडच्या शेजारणीनं पहिल्या दिवशी हा प्रकार पाहिला आणि तिचा हंडा अर्ध्यावरच राहिला.

"काय गं, काय केलं सासूनं?"

"रोजचंच आहे," सून म्हणाली आणि थापट्या मारत राहिली.

"डावीकडे, जरा वर," खाटेखालून थोरलीचा आवाज आला. "मारतेस की गोंजारतेस? भाकरी थापायला तरी जोर लावतेस!"

ही गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली. सुनेनं सासूला बडवायचं आणि सासूनं अजून मार म्हणायचं, असं घर लोकांनी पाहिलं नव्हतं. थोरलीला आधी लाज वाटली. मग लक्षात आलं की खोकताना आभाळाकडे बघणाऱ्या लोकांपेक्षा हसणारे लोक परवडले.

वाख विंचरणं ओट्यावरून झाडाखाली गेलं. जुडीवर पाणी शिंपडून मगच फळीला लावायची, तोंडाला ओलं फडकं बांधायचं. कुजवणीच्या खड्ड्यातून वाख काढायला थोरलीनं जायचं नाही, हे सुनेनं परस्पर ठरवून टाकलं. ओला वाख विंचरायला जड जातो, खांदे भरून येतात. आणि गोळीविना थोरलीचे खांदे आता तिचेच होते, उसना जोर त्यांत नव्हता. जंतूंच्या गोळ्यांनी तोंडाची चव गेली, पोट ढवळायचं. सूत कातताना ती कंबरेला वाख बांधून चाकापासून मागे मागे चालायची, तेव्हा अर्ध्या वाटेवरच खाली बसायची. मग उरलेलं सूत सुनेनं कातायचं. ते कुठं जाड, कुठं बारीक. थोरली ते बोटांतून सरकवत जायची आणि तोंडानं काही न बोलता खराब तेवढं उकलून टाकायची. ते न बोलणं सुनेला शिव्यांपेक्षा लागायचं, पण तीही हट्टी. पुन्हा वाख कंबरेला बांधायची.

"डबी होती ना घरात?" एकदा थोरलीनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"डॉक्टरीणबाईंकडेच राहिली."

"हुशार आहेस."

"तुमच्याच घरात आलेय."

थोरली फडक्याआड हसली, हे सुनेला डोळ्यांवरून कळलं.

हळूहळू सुतांचे पेड झाले. जाड, मनगटाएवढे तीन पेड. आता ते एकत्र वळायचे राहिले. नदीचं पाणी घाटाच्या खालच्या पायरीला लागलं होतं आणि पंचांपैकी एक जण येता-जाता अंगणात डोकावून जात होता. तो काही बोलत नसे, पण नायलॉन त्याच्या तोंडावर लिहिलेलं असे.

वळायचा दिवस कोरडा निघाला. गावाबाहेरच्या लांब बांधावर त्यांनी सरंजाम मांडला. एका टोकाला चाक, त्याच्या तीन आकड्यांना तीन पेड, चाकावर थोरलीचा नवरा. दुसऱ्या टोकाला दगड ठेवलेली लाकडी घसरी, तिथं तिन्ही पेड एकाच आकड्यात, तिथं सून. मधे तीन खाचांचा लाकडी ठोकळा, आणि ठोकळ्यावर थोरली. चाक फिरलं की पेडांना पीळ बसतो, तो पीळ ठोकळ्याच्या मागं एकमेकांत गुंततो आणि दोरखंड तयार होत जातो. ठोकळा धरणाऱ्यानं घसरीपासून चाकाकडे उलटं चालत जायचं, नजर मागं तयार होणाऱ्या दोरखंडावर. चाल आणि चाकाचा वेग जुळला पाहिजे. ठोकळा थांबला आणि चाक फिरत राहिलं, की त्या जागी जादा पीळ बसून दोरखंड लाकडासारखा कडक होतो. असा थांबा थोरलीच्या दोरात कधी कुणाला सापडला नव्हता. बाजारात लोक तिचा दोर न बघता घेत, तो एवढ्यासाठीच.

"हां!" तिनं हाक दिली. चाक फिरलं.

पहिला टप्पा झकास गेला. पेड करकरत होते, ठोकळ्यामागून गोल, घट्ट दोरखंड निघत होता, आणि थोरली एकेक पाऊल मागे टाकत होती. सूनही घसरीचे दगड सांभाळत पुढे सरकत होती. तिच्या नजरेसमोर सासूचा चेहरा होता. नवऱ्याला मात्र बायकोची पाठच दिसत होती, आणि तीही तो बघत नव्हता. त्याची नजर आकड्यांवर.

बांधाच्या मध्यावर आल्यावर थोरलीची छाती आवळली. आधी शिटी वाजली, मग शिटीही वाजेना. तिला चाक थांबवायला हाक द्यायची होती, पण हाकेपुरता वारा आत जात नव्हता. पाय जागच्या जागी थांबले. हातानं ठोकळा मात्र सोडला नाही. मागं चाक फिरतच होतं, पीळ ठोकळ्यावर चढत होता, दोरखंड तिच्या डोळ्यांदेखत कडक होत होता, आणि तिला ते सगळं दिसत होतं.

सुनेनं दोन्ही हात वर करून किंकाळी फोडली. चाक थांबलं.

चाकात खुंटी अडकवून नवरा धावत आला. बायकोला धरून त्यानं बांधावर बसवलं, ठोकळा मात्र त्यानं आपल्या बरगडीशी दाबून धरला. सुटला असता तर सगळा पीळ उलटा फिरला असता. सुनेनं घसरीवर आणखी दगड लोटले आणि पळत येऊन निळा पंप सासूच्या तोंडाला लावला. एकदा. थोडं थांबून पुन्हा. थोरली पुढं वाकून गुडघ्यांवर कोपरं टेकून बसली. मानेच्या शिरा दोरासारख्या ताठल्या होत्या. तिनं हात पुढं केला.

"गोळी," ती म्हणाली.

सुनेनं कंबरेला खोचलेली पट्टी काढली. सासूच्या ओठांकडे पाहिलं. फिक्कट होते, निळे नव्हते. "देते. एक वाक्य सलग बोलून दाखवा. नाही आलं, तर ही घ्या आणि अशाच नावेत बसायचं. दोरखंड गेला खड्ड्यात."

"तू... मला..." थोरलीला तेवढंच जमलं.

सुनेनं पट्टी फोडायला नख लावलं आणि पुन्हा एकदा पंप दिला. बांधाखाली पाण्याचा आवाज येत होता. नवरा ठोकळा आवळून उभा होता, घामानं निथळत होता, आणि बायकोचा श्वास ऐकायला त्यानं मान वाकडी केली होती. त्याला ऐकू आलं की शिटी परत वाजायला लागलीय. मग ती बारीक झाली.

थोरलीनं मान वर केली. नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, इतकी वर्षं झाली लग्नाला, बायको मेली की जगली हे कधीतरी मान वळवून बघाल की चाकाच्या आकड्यांशीच संसार केलाय तुम्ही?"

एका दमात. मधे कुठंही न अडखळता.

सुनेनं पट्टी परत कंबरेला खोचली. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. नवराही हसला, त्याला शब्द न् शब्द ऐकू आला होता.

बराच वेळ त्यांनी तिला बसू दिलं. मग सून म्हणाली, "आई, तो कडक झालेला भाग मी उकलते. मागे नेऊ ठोकळा."

थोरलीनं त्या जागेवरून तळवा फिरवला. टणक, खडबडीत, आंधळ्यालाही कळेल असा थांबा. अशी जागा दुसऱ्याच्या दोरात सापडली असती, तर तिनं तो दोर हातात धरला नसता. पण पीळ भरलेला दोर उकलला की वाख जखमी होतो, मेल्यासारखा लोळतो. आणि हा थांबा नुसता कुरूप होता, कच्चा नव्हता. शिवाय पुन्हा मागे जाऊन तेवढंच चालायला छातीत काय उरलंय, हे तिला नेमकं माहीत होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "इथं मी थांबले, तर थांबले. उगीच लपवायचं कशाला?"

ती उठली. ठोकळा हातात घेतला. या वेळी नवरा मान वळवून तिच्याकडेच बघत चाक फिरवत होता, आणि ती पाऊल टाके तसं फिरवत होता. उरलेला दोरखंड आधीच्यापेक्षा सावकाश वळला गेला, पण असा एकसारखा की सुनेनं तो बघत बघत दोनदा घसरीवर ठेच खाल्ली.

दोरखंड न्यायला नावाडी माणसं घेऊन आला, बरोबर तो नायलॉनवाला पंचही. नावाड्यानं वेटोळ्यावरून हात फिरवत नेला. मध्यावर हात अडला. त्यानं वर पाहिलं.

पंच लगेच वाकला. "हे काय? खोट दिसतेय."

"तिथं मी दम घेतला," थोरली म्हणाली. आवाज चढवला नाही, खालीही पाडला नाही. "बैलजोडी लावून ओढून बघा. तुटलाच तर दुसरीकडे तुटेल, तिथं नाही तुटणार."

जोडी लावून ओढला. कुठंच तुटला नाही.

पाणी चढलं, ओसरलं. थोरली त्या जाड दोरानंतर अंथरुणाला खिळली नाही. खोकला गेला असं नाही. तो जायचा नव्हताच. मधे एकदा कफाचा रंग बदलला, तेव्हा सुनेनं वाट न पाहता तिला पलीकडे नेलं, आणि डॉक्टरीणबाईंनी जंतूंच्या गोळ्या बदलून दिल्या. पांढरी पट्टी तशीच राहिली, सुनेच्या कंबरेला, न फोडलेली. तिला भ्यायचं नाही आणि तिचा मोहही धरायचा नाही, एवढं त्या घराला जमलं होतं. सुनेचं सूत आता दोन ठिकाणी उकलावं लागे, बाकीचं राही.

थंडीत कफाच्या तपासणीसाठी दोघी पुन्हा नावेत बसल्या. धुकं इतकं होतं की नावेचं टोक दिसत नव्हतं. थोरली शाल डोक्यावरून घेऊन, तोंडाला फडकं बांधून बसली होती. नावाड्यालाही कळलं नव्हतं कोण बसलंय ते. शेजारी एक परगावचा कापडवाला गठ्ठा कवटाळून बसला होता, तो घाबरला होता.

"अहो नावाडी, काठ दिसेना. आलो कुठं आपण?"

"सांगतो," नावाडी म्हणाला. तो दोरखंड हातानं ओढत होता, हातावर हात. नाव सरकत होती. मग त्याचा हात अडला. "हां. थोरलीचा थांबा आला. अर्धी नदी झाली. घाबरू नका."

"थोरली कोण? इथली देवी का?"

नावेतली माणसं हसली. "देवी कसली, आमची दोरवाली," नावाडी म्हणाला, आणि सांगताना त्याची मान ताठ झाली. "छातीचं दुखणं आहे तिला. वळता वळता बरोबर मध्यावर दम घेतला, त्याची ही खूण. धुक्यात मला डोळ्यांची गरज लागत नाही. शहरातले नायलॉनचे दोर करणारे येऊन हा बघून गेले, असा करून देता येत नाही म्हणाले."

"बिचारी," कापडवाला हळहळला.

सुनेनं सासूकडे पाहिलं. थोरलीनं तोंडावरचं फडकं खाली केलं, शाल मागं सारली आणि नावेच्या कडेला धरून उभी राहिली. हात लांब करून तिनं तो ओला, टणक थांबा मुठीत धरला.

"बिचारी कशाला?" ती म्हणाली. वाक्य सलग आलं. "ओढ रे नावाड्या. पुढची अर्धीही मीच वळलीय."